खंडेनवमीची नखी

दसऱ्याच्या सकाळी उपेंद्रनं पूजेतली इलेक्ट्रिक गिटार उचलली, तारांवरचं हळदकुंकू फुंकरलं आणि ओरडलाच, "आई, माझी नखी कुठाय?"

अंबूबाई पदराला हात पुसत आल्या. "काल पूजेत तुझी हत्यारं मांडायला सांगितलंस, मी मांडली. नखी खोबऱ्याच्या ताटलीत होती, फुलाखाली."

"आणि ताटली?"

"अरे देवा! प्रसाद वाटला की रे सगळा!"

झालं! पुजलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नाही, म्हणून बिचाऱ्यानं काल गिटारकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. बरं, ती पांढरी नखी दुकानातली असती तर एक वेळ चाललं असतं. दुकानातल्या जाड नखीनं हात खाली जाताना तार वाजे, उलटा वर येताना अडके. म्हणून त्याच्या बायकोनं, वसुमतीनं, आपल्या पावडरच्या प्लॅस्टिकच्या डब्याचा तळ कापून ही लवचीक नखी करून दिली होती. "उलटा हात जमला की मला ऐकवायचं हं!" म्हणाली होती. हात जमेपर्यंत ती काही राहिली नाही. आज संध्याकाळी यशवंतपूरच्या मंडळात तो तिची आवडती चाल वाजवणार होता.

पेपर मागायला आलेले शेजारचे जयतीर्थअण्णा दारातच थबकले. "पांढरी, पातळ? तरीच म्हटलं, खोबरं स्वल्प चिवट आहे!"

"थुंकलात कुठे, अण्णा?"

"प्रसाद थुंकू? छे छे! गिळला."

अण्णांनी पेपर न घेताच काढता पाय घेतला. उपेंद्रनं नाणं लावून पाहिलं, ते किंचाळलं. पोस्टकार्ड दुमडलं. शेवटी वैतागून खोबऱ्याचा तुकडाही लावला. तार तेवढी तेलकट झाली.

उरलं होतं डब्याचं झाकण. त्याला अजून वसुमतीच्या पावडरचा वास होता. रोज कारखान्यात जाताना उपेंद्र ते हुंगून जायचा.

"ते नको रे कापू," अंबूबाई म्हणाल्या.

"तिला शब्द दिलाय, आई."

पहिली नखी तडकली, दुसरी वाकडी निघाली. तिसरी जमली तेव्हा झाकण संपलं होतं.

संध्याकाळी उलटा हात असा काही चालला की मंडळी टाळ्या थांबवेनात. कार्यक्रमानंतर अण्णा डोळे पुसत आले. "सोनं घे, सोन्यासारखा राहा," म्हणत त्यांनी त्याच्या हातात पानं ठेवली. पानांत पांढरी नखी होती.

"अण्णा, ही...?"

"गिळली नव्हती रे. तोंडातून काढून धोतराच्या सोग्यात बांधली होती. पण तुझ्या आईसमोर प्रसाद तोंडातून बाहेर काढला म्हणायला जीभ रेटेना. आज तुझं वाजवणं ऐकलं आणि राहवलं नाही."

"बरं झालं बाई, आता दोन झाल्या," शेजारी उभ्या अंबूबाई म्हणाल्या.

उपेंद्रनं दोन्ही नख्या नाकाशी नेल्या. एकीला खोबऱ्याचा वास येत होता, दुसरीला त्याच्याच घामाचा.