वांग्याची बरी बाजू

बेबीताईंनी वांगं फिरवलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की ते मातीचं आहे.

अमरावतीच्या संग्रहालयात ॲनिमेशनचे सिनेमे कसे बनतात याचं प्रदर्शन लागलं होतं. मधल्या टेबलावर त्यांच्या लेकीनं, गीतांजलीनं, पाटाएवढा भाजीबाजार मांडला होता. बोराएवढी वांगी, टमाटे, मेथी आणि ढिगामागे मातीची म्हातारी. एकेक वस्तू केसभर हलवायची, फोटो काढायचा, पुन्हा हलवायची. बारा दिवस खपून सिनेमा झाला होता सात सेकंदांचा. आज तो प्रदर्शन भरवणाऱ्या साहेबांना पसंत पडला तर गीतांजलीची नोकरी पक्की, नाहीतर सोमवारपासून घरी.

"आई, शेवटचा सीन हाये," साहेबांना आणायला जाताना ती बजावून गेली होती. "बाजारात संध्याकाळ होऊन राहिली. लाइट आपोआप कमी होईन, कॅमेरा आपोआप फोटो काढीन अन् ते सिधे पडद्यावरच्या सिनेमात जातीन. तुमी फक्त हात लावू नोका."

हात लावायचं बेबीताईंच्या मनातही नव्हतं. पण अकोल्याच्या जुन्या शहरात तीस वर्षं भाजी विकलेल्या बाईसमोर किडकं वांगं असं तोंड वर करून ठेवल्यावर मनाला विचारतो कोण? हात गेला, किडकी बाजू खाली, चकचकीत वर करून परतही आला.

"काय केलं वं?" शेजारी उभे असलेले त्यांचे यजमान, उत्तमराव, दबक्या आवाजात ओरडले.

"काई नाई. वांगं फिरवलं."

"पयल्यासारखं ठेव!"

पण पहिल्यासारखं म्हणजे कसं? ते आठवता आठवता दोन टमाटे घरंगळले. बेबीताईंचं भीतीनं डोकं बंद पडलं, पण हात कुठले थांबायला! मऊ टमाटे तळाशी गेले, कडक वर आले. पिशवीतली बाटली कधी निघाली आणि मेथीवर पाणी कधी शिंपडलं गेलं, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"पानी काऊन मारून राहिली?"

"सुकली होती ना हो मेथी!"

मेथीचा हिरवा रंग ओघळून म्हातारीच्या लुगड्यावर उतरला. पदरानं पुसायला गेल्या, तर म्हातारीचा हातच निखळून पदराला चिकटून आला.

"गेली वं माय पोरीची नोकरी!" बेबीताईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"रडू नोको. आडवी उभी राय."

दोघं टेबलासमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तेवढ्यात साहेब आलेच. मागून गीतांजली, तिच्यामागे बघ्यांची गर्दी. आईबापाच्या मधल्या फटीतून गीतांजलीला म्हातारीचा थोटा खांदा दिसला आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. ती काही बोलणार, तोवर साहेबांनी पडदा सुरू करायला सांगितलं होतं.

भिंतीवर बाजार उमटला. उन्हं उतरली. मग आभाळातून हिरव्या बांगड्यांचा एक अवाढव्य हात खाली आला. वांगी फिरली, मऊ टमाटे लपले, मेथीवर पाऊस पडला आणि सरतेशेवटी म्हातारीचा हात उडत उडत आभाळात गेला.

बेबीताईंनी डोळे गच्च मिटले. "साहेब, पोरीची काई चूक नाई. माह्याच हातानं झालं."

खोलीभर हशा पिकला. साहेब डोळे पुसत होते. "परत लावा! अहो, बारा दिवस हिला सांगतोय, तुझा बाजार खरा वाटत नाही. आज वाटला! असाच ठेवायचा, हातासकट. गीतांजली, नोकरी पक्की."

बेबीताईंनी पहिला मोकळा श्वास घेतला. गर्दीतून एक बाई म्हणाली, "मनूनच मी म्हनतो, बाजारातले वांगे घरी नेल्यावर किडके कसे निघतात!"

बेबीताईंनी बांगड्या हळूच पदराखाली घेतल्या. असू दे, अमरावतीची बाई, आपल्याला कुठे पुन्हा भेटणार?

"पुढच्या आठवड्यात प्रदर्शन अकोल्याला," साहेब उत्साहानं म्हणाले. "जुन्या शहरात, भर भाजीबाजारात मोठा पडदा लावू. सगळ्यांना फुकट!"

बेबीताईंनी हात जोडले.

"साहेब, पोरीले पायजे तं कामावरून काढा, पन अकोल्यात हा सिनेमा नोका दाखवू!"