छगनला सोडावे की न सोडावे

नागरिकांचे स्वातंत्र्य चर्चेने वाढते आणि वापराने झिजते, हे सत्य आमच्या तालुक्याच्या गावाने फार लवकर ओळखले होते. म्हणूनच बहात्तरच्या त्या कोरड्या सालात विहिरींनी तळ दाखवला, गुरं छावणीत गेली, माणसं खडी फोडायला गेली, तरी गावच्या वादविवाद मंडळाची एकही सभा चुकली नाही. (पाण्याचा पेला फक्त वक्त्याला मिळे. श्रोत्यांनी घरून पिऊन यावे, अशी सूचना फळ्यावर असे.)

मंडळाचे भूषण म्हणजे राधाकृष्ण गंधे वकील. कोर्टात त्यांची कामं बेताचीच; तिथे समोरचा वकील मध्येच बोलतो आणि टाळ्या वाजवायची पद्धत नाही. मंडळात मात्र, जिथे कुणी कोणती बाजू मांडायची हे चिठ्ठ्या टाकून ठरे, त्यांना तोड नव्हती. फाशीची शिक्षा असावी या बाजूने ते बोलले, तेव्हा मागच्या रांगेतले एक सात्त्विक मास्तर "द्या फाशी!" म्हणत उभे राहिले होते. पुढच्याच सभेत ती नसावी या बाजूने बोलले, तेव्हा तेच मास्तर धोतराच्या सोग्याने डोळे पुसत होते. "पण तुमचं स्वतःचं मत काय हो?" असं बायकोने, भागिरथीबाईंनी, एकदा विचारलं होतं. वकील विचारात पडले आणि म्हणाले, "चिठ्ठी निघाल्याशिवाय कसं सांगणार?"

या खेपेचा विषय होता, 'नुसत्या संशयावरून माणसाला कोठडीत ठेवावे काय?' वकिलांच्या चिठ्ठीत 'ठेवू नये' निघालं.

सभेच्या दिवशी सकाळी कडूबाई त्यांच्या ओट्यावर येऊन बसली. तिचा नवरा छगन लोकांची जनावरं घोडेगावच्या बाजाराला हाकत नेण्याचं काम करी. आप्पासाहेबांचा खिलारी बैल नाहीसा झाला होता आणि छगन त्यांच्या मळ्यावरून गेला होता, एवढ्यावरून पोलिसांनी त्याला बाजारातून उचललं होतं. (आप्पासाहेब म्हणजे मंडळाचे अध्यक्ष.)

"सायेब, तिसरा दिस हाय," कडूबाई म्हणाली. "भाकर घिऊन गेल्ते, तर शिपाई म्हनला, ठेव आन् जा. आतनं वरडायचा आवाज येत हुता. आमच्या मालकाचाच हुता."

वकिलांचं काळीज हललं. खरंच हललं. त्या भरात त्यांनी कागद पुढे ओढला.

"मॅजिस्ट्रेटपुढे उभा केला का त्याला?"

"त्यो कोन?"

"उत्तम!" वकील म्हणाले आणि चपापले. "म्हणजे, वाईट. फारच वाईट. चोवीस तासांच्या आत उभा करायला हवा. घटनेतच आहे तसं."

"मंग चला की माज्यासंगं. ठेसन हितंच हाय."

"आलो असतो गं. पण आत्ता गेलो तर ते एकट्या वकिलाचं म्हणणं होईल. संध्याकाळी बोललो की सगळ्या गावाचं होईल. फौजदारसाहेबच प्रमुख पाहुणे आहेत. तू सभेच्या बाहेर थांब."

हे बोलताना ते कडूबाईला फसवत नव्हते; फसवत असलेच तर स्वतःला, आणि तेही किंचितच.

संध्याकाळी वकील बोलले, आणि काय बोलले! "सभ्य गृहस्थहो, आत्ता या क्षणी, इथून हाकेच्या अंतरावर एक निरपराध जीव..." बाहेरच्या कर्ण्यातून आवाज पार पोलीस ठाण्याच्या कौलांवर जाऊन आदळत होता. आप्पासाहेब, म्हणजे बैलाचे धनीच, "अरेरे!" म्हणाले. टाळ्यांची सुरुवात फौजदार श्रीमंतरावांनी केली.

"वकीलसाहेब," हार घालताना फौजदार म्हणाले, "असं वाटलं, आत्ताच्या आत्ता उठावं आणि त्या माणसाला सोडून द्यावं!"

'मग सोडा.' एवढे दोनच शब्द वकिलांच्या ओठापर्यंत आले होते. पण गळ्यात हार होता, शेजारी आप्पासाहेब होते, आणि व्यासपीठावर कुणाचं खाजगी काम काढणं शिष्टाचाराला धरून नव्हतं. ते म्हणाले, "आभारी आहे."

मग आप्पासाहेबांनी घोषणा केली, की हा प्रश्न आता तत्त्वाचा न राहता छगनचा झाल्यामुळे, 'छगनला सोडावे की न सोडावे' या विषयावर रविवारी स्वतंत्र सभा घेण्यात येईल. फौजदारांनीही समंजसपणा दाखवला. विषय सभेपुढे असताना त्याला परस्पर सोडणं म्हणजे चर्चेचा अवमान होईल, तो आपण होऊ देणार नाही, असं त्यांनी आश्वासन दिलं.

बाहेर कडूबाई उभी होती. "काय म्हनले?"

"एकमताने हळहळले," वकील म्हणाले.

रविवारी अडचण अशी झाली, की 'न सोडावे' या बाजूने बोलायला कोणी मिळेना. आणि एका बाजूची चर्चा ही चर्चाच नव्हे. लोकशाहीसाठी कोणीतरी पुढे व्हायला हवं होतं. वकील झाले. मुद्दाम अडखळत, बाजू पडेल असं बोलायचं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. पहिली दोन वाक्यं ते अडखळलेसुद्धा. तिसऱ्या वाक्याला कुठूनशी टाळी पडली. मग जित्याची खोड! आज छगनला सोडलं तर संशय जन्मभर त्याचा पिच्छा पुरवील, तेव्हा सोडणं हाच त्याच्यावर खरा अन्याय, इथपर्यंत त्यांनी सभेला आणून सोडलं. 'न सोडावे' हा ठराव प्रचंड बहुमताने पास झाला. कडूबाई खिडकीशी होती. फडक्यात बांधलेली भाकर उचलून ठाण्याच्या दिशेने निघून गेली.

त्या आठवड्यातच बैल सापडला. तो गुरांच्या छावणीत शांतपणे कडबा खात होता. आप्पासाहेबांच्या हुकुमावरूनच त्यांच्या गड्याने, रंभाजीने, त्याला तिथे नेऊन बांधला होता. हुकूम दिल्याचं आप्पासाहेब विसरले होते. (मोठ्या कामांच्या माणसाचं असं होतं.)

फौजदारांनी कोठडी उघडली. "जा."

"मंग मला कशापायी ठिवलं हुतं?" छगनने विचारलं.

"संशय होता. आता नाही."

छगनला तळपाय जमिनीला टेकवता येत नव्हते. कडूबाईच्या आधाराने तो लंगडत येताना वकिलांनी ओट्यावरून पाहिलं. ते धावत उतरले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूने खांदा दिला. थोडं चालून झाल्यावर छगनने त्यांच्याकडे वळून पाहिलं.

"तुमीच का गंधे वकील? आत समदं ऐकू येत हुतं. लई झ्याक बोलता. पयल्या डावाला वाटलं, आता सुटलोच."

"आणि... दुसऱ्या?"

"दुसऱ्या डावाला मलाबी पटलं. म्हनलं, आसंल, मीच न्हेला आसंल बैल."

त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर वकिलांनी उत्तर दिलं असतं.

त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. त्यांनी मंडळाचा राजीनामा लिहून पाठवला. तो स्वीकारावा काय, या विषयावर लगेच सभा ठरली. बोलवायला आलेल्या चिटणीसाला वकिलांनी दारातूनच परत पाठवलं, मग चपला घालून त्याला कोपऱ्यावर गाठलं आणि हळूच विचारलं, "कोणती बाजू रिकामी आहे?"

ती सभाही गच्च भरली. ही हकीकत वाचताना तुमच्या जिवाला चटका बसला असेल, तर मंडळ तुमचं ऋणी आहे. अशा संवेदनशील माणसांच्या जोरावरच आमच्याकडे सभा कधी ओस पडत नाही, आणि कोठडीही.