कुंटे काकांचा अकरावा घाणा

कुंटे काकांच्या अकराव्या घाण्याची बिअर आंबट झाली, ती माझ्यामुळे. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. काकांना माहीत नव्हतं, आणि मी पाच महिने त्यांना ते कळू दिलं नाही. मला लिहायचं आहे ते काकांविषयी, पण एवढं कबूल केल्याशिवाय त्यांच्याविषयी एक ओळही लिहवत नाही.

काका इथे अमेरिकेत, रेडमंडमध्ये आमच्या शेजारच्या घरात एकटे राहतात. वय बहात्तर. नाशिकच्या एका औषध कंपनीत त्यांनी सारा जन्म तपासणी विभागात काढला. आता ते गॅरेजमध्ये बिअर करतात, आणि स्वतः पीत नाहीत. एक घोट तोंडात घेतात, डोळे मिटून खुळखुळवतात आणि बेसिनमध्ये थुंकतात. मग वहीत लिहितात, ‘पास’. प्रत्येक वेळच्या बिअरला ते घाणा म्हणतात आणि त्याला क्रमांक देतात. माझी बायको मेधा म्हणते, “इतक्या मायेने थुंकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.”

आमच्याकडे पावसाळी हिवाळा लांबलचक, त्यामुळे घरी बिअर करून बघणारी मराठी मंडळी पुष्कळ. त्यांची बिअर बिघडली की काकांना फोन येतो.

“काका, बिअर एकदम खराब झाली यार.”

“खराब हे निदान नव्हे. वास कशाचा येतो?”

“बटरसारखा.”

“म्हणजे घाई केलीत. यीस्टचं काम संपायच्या आत बिअर काढलीत. तीन दिवस उबेत राहू द्यायची होती, ते स्वतःचा पसारा स्वतः आवरतं. तुमच्या घरात कोण आवरतं असं?”

कुणाच्या बिअरला जखमेवरच्या पट्टीसारखा वास येई. काका विचारत, “नळाचं पाणी तसंच वापरलंत ना? त्यात क्लोरीन असतं.” कुणाच्या बाटल्या कपाटात फुटत.

“भरताना साखर किती घातलीत?”

“अंदाजाने, काका.”

“अंदाजाने पोहे करावेत.”

त्यांचा सगळा भरवसा नाकावर होता. जीभ भिडस्त असते, यजमानाला वाईट वाटेल म्हणून गोड बोलते, नाकाला भीड नसते, असं त्यांचं म्हणणं.

फेब्रुवारीत ते आठ दिवस प्लेनोला मुलाकडे, निखिलकडे गेले. गॅरेजमध्ये अकरावा घाणा होता. गव्हाची बिअर. थंडीने यीस्ट झोपू नये म्हणून बिअर आंबायला ठेवलेल्या बादलीला गोधडी गुंडाळलेली आणि खाली शेकायचं पॅड. जाताना त्यांनी मला एक कागद दिला. त्यावर दोन सूचना होत्या: ‘रोज बघणे. हात न लावणे.’

तिसऱ्या दिवशी झाकणावरच्या नळीतून बुडबुडे यायचे थांबले. मी घाबरलो. काकांचं यीस्ट माझ्या राखणीत मेलं, असं वाटलं. फोन करायला हवा होता. पण इंटरनेटवर कुणीतरी लिहिलं होतं की ढवळलं की यीस्ट जागं होतं. मी त्या वेळी दही लावत होतो. कोमट दुधात विरजण घालून डावाने नुकतंच ढवळलं होतं, पातेलं ओव्हनमध्ये ठेवून आतला दिवा लावला होता. हातात तोच डाव होता. तो नळाखाली विसळला, शेजारी गेलो, झाकण काढलं आणि बिअर दोनदा तळापासून ढवळली. भराभर बुडबुडे आले. मी खूश होऊन घरी आलो.

यीस्टचं काम जवळजवळ आटोपलं होतं म्हणून बुडबुडे थांबले होते, हे मला मागाहून कळलं. चार दिवसांनी बिअरवर पांढरी, सुरकुतलेली साय धरली.

काका परत आले, झाकण काढून वाकले, आणि बराच वेळ तसेच राहिले.

“संजय, दह्याचा वास येतोय.”

त्यांनी झाकण परत बसवलं.

“तू झाकण उघडलं होतंस?”

“नाही, काका.”

“हो. हे मी विचारायलाच नको होतं.”

वहीत त्यांनी संशयितांची यादी केली होती. पहिलं नाव माझं होतं. ते त्यांनी माझ्यासमोर पट्टी ठेवून, सरळ रेघ मारून खोडलं.

त्यानंतर त्यांनी तपास केला. नळी बदलली, बादली बदलली, तोटी उकळली, मग पुन्हा उकळली. बिअर टिकवणारी हॉप्सची कडू फुलं कमी घातली म्हणून ती हळवी राहिली असेल, असंही लिहून पाहिलं. पण दही कुठून आलं, याचं उत्तर मिळेना. काका दूधसुद्धा घेत नाहीत. मेधाने मला विचारलं, “त्या दिवशी डाव घेऊन कुठे गेला होतास?” मी सांगितलं. ती म्हणाली, “आजच्या आज जाऊन सांग. ते रागावतील, तासभर. आणखी काय?” मी गेलो नाही. एक आठवडा गेला, मग महिना गेला, आणि आता कोणत्या तोंडाने सांगू, हे नवं कारण मिळालं.

मे महिन्यात काकांनी तपास बंद केला. “दोष सापडला,” ते म्हणाले. “दही नसताना मला दह्याचा वास आला. नाक गेलं माझं. वय झालं की जातं म्हणतात.” फोन येत, तेव्हा ते सांगू लागले, “दुसऱ्या कुणाला विचारा.” हळूहळू फोन यायचे थांबले. बारावा घाणा त्यांनी लावलाच नाही.

जुलैमधल्या एका रविवारी सकाळी त्यांनी मला सामान उचलायला बोलावलं. मी गेलो तेव्हा ते निखिलशी बोलत होते, फोन स्पीकरवर होता.

“जेवलात, बाबा?”

“हो. तू?”

“हो. पाऊस?”

“नाही. ऊन आहे.”

“ओके. बोलू मग.”

फोन ठेवून काका म्हणाले, “हे सगळं सामान त्याचं. एकदा बिअर केली, बिघडली, आणि नोकरीसाठी प्लेनोला जाताना इथेच टाकून गेला. मी शिकलो. तो शाळेत असताना मी घरी आलो की मार्क विचारायचो, त्याच्याशी दुसरं बोलायला मला कधी जमलंच नाही. मी बिअर करायला लागल्यापासून मात्र दर रविवारी तो मला तिच्याविषयी विचारायचा. बाबा, हे असं का झालं, तसं का झालं. तास तास. आता विचारण्यासारखं काही राहिलं नाही. ही बादली तुला हवी तर ने.”

मी हातातली बादली खाली ठेवली.

“काका, तुमचं नाक शाबूत आहे. ते दहीच होतं. माझ्या विरजणाच्या डावाने मी तुमची बिअर ढवळली.”



“डाव उकळला होतास?”

“नुसता विसळला.”

“कोमट पाण्याने?”

“गार.”

ते बादली पालथी घालून तिच्यावर बसले.  रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. मग त्यांनी फोन उचलला, निखिलला परत लावला आणि स्पीकर चालू केला.

“बाबा? ऑल ओके?”

“निखिल, अकराव्या घाण्यात दही होतं. मी म्हटलं होतं तुला.”

“व्हॉट? दही कुठून आलं?”

काकांनी फोन माझ्यापुढे धरला. “याला विचार.”

मी पहिल्यापासून सगळं सांगितलं. विरजण, डाव, साय, सगळं. निखिल मध्येच विचारत होता, काका त्याला उत्तरं देत होते, आणि त्या दोघांच्या बोलण्यात मला थांबावं लागत होतं. शेवटी दोघेही थांबले.

मी म्हणालो, “काका, तुम्ही मला विचारलंत आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोललो. तुम्ही स्वतःला दोष देत होतात आणि मी शेजारी बसून ते बघत होतो. निखिल, तुमच्या रविवारच्या गप्पा थांबल्या, त्याही माझ्यामुळे. मला माफ करा.”