न फोडलेल्या थैलीची हकीकत

श्रीगणपतीस आणि शारदेस नमन करून, पदरचे काही न घालता लिहिले असे. शके सोळाशे एकोणनव्वद, सर्वजितनाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, एके राज्यी उमाऊसाहेब राणी राज्य करीत होत्या. तेथील शिरस्ता ऐसा की हुकूम थैलीतून जाई, आणि हुकुमाच्या पोटी हुकूम असला तर थैलीत थैली. आणि वाटेवरल्या चौकीने आतली थैली आधी फोडावी, काम करावे, त्याचे फळ आतल्या थैलीच्या जागी ठेवावे, आणि मग बाहेरली थैली अंमलदारास द्यावी. दोन कोठारांचे धान्य एकत्र सांगा म्हटले, तर आधी दोन्ही कोठारे मोजली जात आणि मग बेरीज होई. काही चुकत नसे.

मग बाईसाहेबांचे एकुलते चिरंजीव खेळोजीराजे मोहिमेस नदीपार गेले, आणि पलीकडे धूळ दिसली. बाईसाहेबांनी निवाडेकरी गोमाजीपंतांस हुकूम धाडिला की, येणारे गनीम असल्यास आतली पहिली थैली फोडावी, आपले असल्यास दुसरी. पहिलीत 'पूल तोडा', दुसरीत 'तोरण बांधा'. चौकीने शिरस्त्याने, पंतांकडे नेण्याआधीच, दोन्ही फोडून कामे केली. पूल वाहून गेला, उरल्या खांबांस तोरण लागले, आणि येणारे निघाले आपलेच लमाण. राजे पलीकडेच राहिले.

बाईसाहेब नदीकाठी आल्या, तोरण न्याहाळिले आणि पुसिले, "पंत, पूल तोडावा ऐसे तुम्ही ठरविलेत?"

"नाही जी. 'आपलेच आहेत' हा निवाडा मी बिनचूक दिला. थैली हाती आली तेव्हा पूल मात्र नव्हता."

"मग चौकीचे चुकले?"

"त्यांनी शिरस्ता पाळिला, बाईसाहेब. शिरस्ता आपला."

बाईसाहेब रागावल्या नाहीत, विचारात पडल्या. निवाडा कामामागून येत असेल तर निवाडेकरी कितीही शहाणा असो, उपयोग काय? मग निंबाजी विस्तारकर नेमिले. त्यांच्या थैल्या चौकीने फोडू नयेत. त्यांनीही काम करू नये, आखूड हुकूम उलगडून लांब लिहून द्यावा, आणि मग चौकीने लिहिल्या क्रमे चालावे.

दोरांचा पूल जाहला आणि पुन्हा धूळ उठली. मुलगा की गनीम, कळेना. बाईसाहेबांनी तोच हुकूम या खेपेस निंबाजींकडे धाडिला, आणि त्यांनी उलगडून लिहिले: येणारे कोण ते पाहा, गनीम असल्यास पूल तोडा, येणारे कोण ते पाहा, आपले असल्यास तोरण बांधा. पूल राहिला. खेळोजीराजे उतरून आले, पाया पडले आणि म्हणाले, "आऊसाहेब, आपले स्वार तोंड पाहून गेले, आणि परत येऊन पुन्हा पाहू लागले! मधल्या वेळात मी गनीम होतो की काय?"

बाईसाहेब हसल्या, आणि हसता हसता थांबल्या. दोन पाहण्यांत उत्तर फिरले असते तर?

"निंबाजी, एकदाच पाहावे. उत्तर पाटीवर लिहावे, आणि दोन्ही ठायी पाटी वाचावी."

"जी. मी उलगडिले, पण पाहणे कितीदा होते ते मोजिले नाही."

तात्पर्य इतुके की, ज्याचे फळ हवे ती थैली आधी फोडावी, ज्याचा निवाडा व्हायचा ती मिटलेली न्यावी, आणि उलगडताना एकाचे दोन होऊ देऊ नये. पूल उभा आहे. जुन्या खांबांवरले तोरण सुकले, ते बाईसाहेबांनी काढू दिले नाही. लेखनसीमा.