देमेआसची देवाला मिठी

भर हिवाळ्यात, नुकतं कुठे फटफटलं होतं, तोच देमेआस कुंभारानं अंगावरची लोकरीची शाल काढून बायकोच्या हातात कोंबली आणि उघड्या अंगानं तो निघाला.

"अहो, आज लिकिप्पस पोरीचं पक्कं करायला यायचेत! चाललात कुठे?"

"त्यासाठीच, मिरिना! त्या तेलवाल्यासमोर माझे पाय लटपटतात. बाजारातल्या ओसरीवर शिकवणारे गुरुजी म्हणतात, थंडी, लोक, व्याही, काहीच आपल्या हातात नाही. आपलं मन तेवढं आहे. आज थंडीला जिंकलं की तेलवाला काय चीज आहे!"

बाजारात हर्मीस देवाची कांस्यमूर्ती हिवानं गारठून उभी होती. देमेआसनं गुरुजींचं नाव घेतलं आणि तिचे दोन्ही पाय कवटाळले. आई गं! पण पठ्ठ्यानं सोडलं नाही. थोड्या वेळानं सोडावंसं वाटलं, तर बोटं उघडेनात आणि दातखीळ बसलेली.

अथेन्समध्ये देवाची मूर्ती धरणाऱ्याला कुणी हात लावायचा नसतो; तो आश्रयाला आलेला. मासेवाली त्याला बघताच किंचाळली, "अगं बाई! कुंभार देवाला शरण आला! काय करून बसलात हो?"

"ऊं... ऊं..."

"बिचाऱ्याला बोलवतसुद्धा नाही!" तिनं दयेनं त्याच्या काखेत शरणागताची खूण म्हणून ऑलिव्हची फांदी खोचली. मग काय, गर्दीच गर्दी!

"बायकोला मारलंन् वाटतं!"

"छे, ती मघाशी पाणी भरत होती."

"मग मापात पाप! बाजारातली निम्मी मापं हाच घडवतो ना?"

हे ऐकून बाजाराचा अधिकारी चाबूक घेऊन धावत आला. "एकेकाचं माप तपासतो! हलू नका कुणी!"

नेमका तेव्हाच लिकिप्पस नवं वस्त्र लेवून येताना दिसला. गेलं पोरीचं लग्न! देमेआसनं बोटं सोडवायला पुन्हा जोर लावला. लिकिप्पसनं व्याह्याला पाहिलं, अधिकाऱ्याला पाहिलं, 'माप' हा शब्द ऐकला, आणि धूम ठोकून त्यानं देवाची कंबरच धरली.

"मापाच्या बुडाला मेण मी एकट्यानंच लावलेलं नाही! सगळेच लावतात!"

"अरे मेल्या, आमचं कशाला सांगतोस?" म्हणत आणखी दोन तेलवाले धावले. त्यांच्यामागून धान्यवाला. देव दिसेनासा झाला. एवढ्या अंगांच्या उबेनं देमेआसची बोटं सुटली, जबडाही सुटला, आणि तो रांगत त्या ढिगातून बाहेर आला.

"तुझा गुन्हा काय रे?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माझा? मी थंडीची सवय करत होतो!"

बाजार खो खो हसला. शाल घेऊन धावत आलेली मिरिनाही हसली. देवाच्या कमरेवरून लिकिप्पसनं केविलवाण्या आवाजात विचारलं, "व्याहीबुवा, आपलं पोरांचं तेवढं... पक्कं ना?"

देमेआसनं शाल नीट पांघरली. पाय अजिबात लटपटत नव्हते.

"माणसं चांगली वाटली," तो म्हणाला. "विचार करून कळवतो."