उजव्या गुडघ्याचा अर्ज

कराडच्या हेमलता दिघे यांच्या उजव्या गुडघ्याने सोमवारी सकाळी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज दिला. कारणाच्या रकान्यात त्याने लिहिलं होतं, ‘एकसष्ट वर्षं सेवा झाली. आतली गादी झिजली आहे.’

हेमलताबाई घाबरल्या. त्यांची थोरली जाऊ ताराक्का तिसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. तिची दृष्टी गेली होती. रोज दुपारी हेमलताबाई तिला पेपर वाचून दाखवायच्या, आणि इमारतीला लिफ्ट नव्हती.

त्या अर्ज घेऊन फिजिओथेरपिस्ट मुमताज शिकलगार यांच्याकडे गेल्या. मुमताजनी एमआरआय पाहिला, अर्ज वाचला आणि खुर्ची गुडघ्यासमोर ओढली.

“तक्रार काय आहे?”

“मांडीचा स्नायू कित्येक महिने कामावर नाही,” गुडघा म्हणाला. “त्याचा भार मी वाहतोय. वयामुळे झिजलो, ते मान्य. पण एकट्याने किती रेटायचं?”

“रास्त आहे.” मुमताज हेमलताबाईंकडे वळल्या. “काकू, गादी नवी होणार नाही. मांडीला मात्र कामावर आणता येईल. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायची, दहा आकडे मोजायचे. मग पाय सरळ उचलायचा. तीन महिने, रोज.”

“उकिडवं बसणं बंद,” गुडघा म्हणाला. “आणि हे लेखी हवं.”

हेमलताबाईंनी लेखी दिलं. गुडघ्याने अर्ज तीन महिने स्थगित ठेवला; तोवर जिना बंद, ताराक्काला पेपर फोनवरून.

पहिले काही दिवस मांडी नुसतीच थरथरायची. तिसऱ्या आठवड्यात हेमलताबाई विसरून मेथी निवडायला उकिडव्या बसल्या, तेव्हा गुडघ्याने दोन दिवस काम बंद ठेवलं. त्यांनी माफी मागितली, शेक दिला, पुन्हा आकडे मोजायला लागल्या. सहाव्या आठवड्यात मांडीचा स्नायू पूर्णवेळ रुजू झाला.

तीन महिने भरले त्या दुपारी त्या कठडा धरून पुन्हा ताराक्काचा जिना चढल्या. दुसऱ्या मजल्यावर गुडघ्याने पाच मिनिटं मागितली. त्यांनी दहा दिली.

“कोण?” आतून ताराक्काने विचारलं.

“मी, अक्का. गुडघाही आलाय.”

“मग त्याला स्टूल दे.”

हेमलताबाईंनी पाय स्टुलावर ठेवला, पेपर उघडला आणि मथळा वाचायला घेतला.

“आधी खेळाचं पान,” गुडघा म्हणाला.

“त्याचं ऐक गं,” ताराक्का म्हणाली, “तीन जिने चढून आलाय तो.”