कंपनीचं हाय का?

झनकलालभाऊंच्या तोंडात समोरचे दात नाहीत, आणि ते बसवून घ्यायला ते तयार नाहीत. मुलीच्या आग्रहाखातर एकदा गोंदियाला दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. डॉक्टरांनी कवळी हातात दिली. भाऊंनी ती उलटीसुलटी करून पाहिली, नखाने वाजवली आणि विचारलं, "कंपनीची हाय का?"

"एकदम चांगल्या कंपनीची," डॉक्टर म्हणाले.

"तुमच्या नाई, माझ्या कंपनीची," असं म्हणून भाऊंनी वर आभाळाकडे बोट दाखवलं आणि उठून आले. तेव्हापासून ते चणे कुटून खातात.

आमगावजवळच्या आमच्या खेड्यात त्यांचं नि माझं घर भिंतीला भिंत लागून आहे, त्यामुळे हा प्रश्न मला रोज ऐकावा लागतो. टमाटर घेताना तोच, छत्री घेताना तोच. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा तिच्या लांब वेणीकडे बघूनही त्यांनी तोच विचारला. त्या घरी आम्हाला चहा मिळाला नाही.

या रोगाचं मूळ त्यांच्या अंगणात उभं आहे. पुढून जीप, मागून उघडा हौदा, अशी एक जुनी पिकअप. सैन्याच्या लिलावात निघालेली ही गाडी आधी तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराने घेतली, जंगलातून मनसोक्त पिटाळली आणि ती थकल्यावर भाऊंच्या वडिलांना विकली. त्यांनी तिच्यातून राइस मिलला धान वाहिलं. "गाडी लढाईतून आली," असं भाऊ सांगतात. कोणत्या लढाईतून, ते ऐकणाऱ्यावर अवलंबून असतं. पोरांना चीनची, पोलिसाला पाकिस्तानची, आणि मास्तर भेटला तर थेट दुसऱ्या महायुद्धाची. एकदा मास्तर आणि पोलीस एकाच वेळी आले. भाऊ जराही डगमगले नाहीत. "दोनी लढायांत होती. मधात सर्व्हिसिंग झाली," म्हणाले.

या गाडीला कंपनीचा नसलेला नटसुद्धा चालत नाही. हॉर्न बिघडला आणि तसाच दुसरा मिळेना, तर कित्येक महिने भाऊ खिडकीतून मान काढून स्वतःच बोंबलत जायचे, "बाजू व्हा गा! बाजू व्हा!" शेवटी दुर्गच्या भंगारात हवा तसा हॉर्न सापडला, तेव्हा गावाला उलट चुकल्याचुकल्यासारखं झालं.

अशात नागपूरला जुन्या गाड्यांचा मेळावा भरणार असल्याची खबर आली. सगळ्यात अस्सल गाडीला पहिलं बक्षीस म्हणून पितळी ढाल मिळणार होती. भाऊंची झोप उडाली. "जिंदगीभर या गावानं मले भंगारवाला म्हटलं," ते मला म्हणाले. "ते ढाल आणतो अन् चौकात टांगतो. मंग पाहू कोन बोलते."

सोबत मला नेलं. प्रेमाने नव्हे, धक्का मारायला माणूस लागतो म्हणून. सौंदडजवळ इंजिन तापलं. टपरीवाल्याने पाणी दिलं आणि वर सल्लाही दिला, "चाचा, बेच क्यों नहीं देते?"

"तू अपने बाप को बेचेगा क्या?" भाऊ कडाडले.

टपरीवाला जरा विचारात पडलेला दिसला.

मेळाव्यात आमच्या आजूबाजूच्या गाड्या नवरीसारख्या नटून आल्या होत्या. परीक्षक हॅट घातलेले गृहस्थ होते. ते टॉर्च घेऊन आमच्या गाडीखाली शिरले ते बराच वेळ बाहेरच येईनात. आले तेव्हा कपड्यांना ग्रीस लागलेलं, पण चेहरा फुललेला. "काका, एवढी अस्सल पिकअप मी पाहिली नाही!" भाऊंनी बिनदाती हसून माझ्याकडे पाहिलं. मग परीक्षक गाडीच्या मागे गेले आणि थबकले.

मागच्या फाळक्याखाली एक लोखंडी पायरी वेल्ड केलेली होती, आणि बाजूला धरायला बोरिंगचा जुना पाईप. मी रोज बघतो ती पायरी, पण ती गाडीबरोबर आलेली नाही हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

"हे कंपनीचं नाही," परीक्षक म्हणाले.

भाऊंना हे वाक्य जन्मात पहिल्यांदा कुणीतरी ऐकवत होतं. 

"कटर आहे आपल्याकडे. आत्ता कापून टाकू. ढाल तुमचीच."

"कापून टाका भाऊ," मी कानाशी लागलो. "गावी जाऊन परत लावू."

"आज कापाची अन् उद्या लावाची, मंग ओरिजनल कायचं?" भाऊ माझ्यावरच उखडले. मग परीक्षकाला म्हणाले, "उद्या बाजार हाय. बुढ्या चढतीन कशा?"

"कोण बुढ्या?"

"आमच्या गावच्या. आमगावच्या बाजाराले नेतो मी त्याह्यले. टोंगळे दुखतेत त्याह्यचे."

"अहो, गुडघे दुखत असले तर ऑटोने जातील."

"ऑटोनं गेल्या तं माझ्यासंगं बोलन कोन?"

परीक्षकांनी हॅट काढली, परत घातली आणि पुढच्या गाडीकडे गेले.  भाऊंची बायको जाऊन वर्षं झाली, मुलगी लांब रायपूरला. भिंतीपलीकडून रोज येणारा आवाज गाडीशी बोलण्याचाच असतो, हे मला माहीत होतं. त्यावर मी आजवर फक्त हसत आलो होतो.

ढाल एका चकचकीत गाडीला गेली. भाऊ त्या गाडीला गावी येईस्तोवर शिव्या देत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणासमोर म्हाताऱ्या थैल्या घेऊन जमल्या. पाईप धरून, पायरीवर पाय ठेवून एकेक वर चढली. "बक्षीस भेटलं का गा, झनकलाल?" एकीने विचारलं.

"भेटलं अस्तं तं तुमच्यासारख्या कोंबड्या वाहिल्या अस्त्या का मी? सरक व तिकडं!"

म्हाताऱ्या खदाखदा हसल्या. मलाही बाजारातून कांदे आणायचे होते, म्हणून मीही चढलो. भाऊ पुढे कमी आणि मागे जास्त बघत, कुणाची सून काय म्हणाली ते ऐकत निघाले. फाट्यावर आमगावचा सरळ रस्ता सोडून त्यांनी गाडी कालव्याच्या लांबच्या वाटेला घातली.

"इकडून काऊन?" मी विचारलं.

"तो रस्ता खराब हाय ना," भाऊ म्हणाले.

तो रस्ता मागच्याच वर्षी डांबरी झाला. गाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांना ते ठाऊक आहे. शेजारच्या म्हातारीने मला कोपराने ढोसलं, गप्प बसायची खूण केली आणि भाऊंना आपल्या सुनेची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतली.